पाढे पाठ नसतील तर पट्टी कोण तपासणार?



पाढे घोकायचे दिवस गेले, आता सगळे मोबाइलमध्ये आहे, असे गावातले शिकलेले लोकही म्हणू लागले आहेत. त्यांनी एकदा कापसाची गाडी घेऊन काट्यावर उभे राहावे.

14 क्विंटल 25 किलो कापूस भरला. भाव हिशेबाला सोपा म्हणून 7,000 रुपये धरू. (2025-26 चा मध्यम धाग्याचा हमीभाव 7,710 होता, तो किती जणांच्या हाती पडला ते आपले आपल्याला ठाऊक.) चौदा साते अठ्ठ्याण्णव, म्हणजे 98,000. वरच्या पाव क्विंटलचे 1,750. झाले 99,750. एवढे गाडीवर बसल्या बसल्या व्हायला हवे. मुनीमाच्या बोटाने 14.25 ऐवजी 14.05 दाबले, तर यंत्र 98,350 दाखवते आणि तेच पट्टीवर उतरते. यंत्राचा दोष नाही, सांगितले ते त्याने केले. पण 1,400 रुपये गेले हे ओळखायला उत्तर आधी डोक्यात असावे लागते. क्विंटलमागे किलोभर कडता कापला तर पुन्हा तोच पाढा. 14 किलो, 70 रुपये किलो, 980 रुपये. "किलोभराने काय होते?" म्हणणाऱ्याला हा आकडा तिथल्या तिथे सांगता आला पाहिजे.

1957 साली दशमान नाणी आली, मागोमाग मेट्रिक वजने आली आणि शाळांनी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हळूहळू सोडून दिल्या. कापूस मात्र अजूनही सव्वाचौदा क्विंटल भरतो.

बियाण्याच्या जाहिरातीपुढे तर माझ्या शेतकीच्या पदवीपेक्षा पंचविसाचा पाढा जास्त कामाचा. तीन फूट बाय दोन फुटांवर लावले तर एकरात 7,260 झाडे बसतात. झाडाला 25 बोंडे, बोंडाला 4 ग्रॅम कापूस; पंचवीस चोक शंभर. म्हणजे एकरी 7 क्विंटल 26 किलो, तेही एकही नांगी पडली नाही तर. जाहिरातवाला 20 क्विंटल म्हणत असेल, तर त्याला याच हिशेबाने झाडाला 69 बोंडे लागतील. कोरडवाहू हलक्या रानात तेवढी मोजून दाखव म्हणावे!

उत्पादन खर्चावर आधारित भाव मागणारी आपली चळवळ. ज्वारीचा एकरी खर्च आणि कडब्याचे पैसे ज्याला मांडता येत नाहीत, तो मोर्चात घोषणा देईल, पण चर्चेला बसल्यावर समोरचा साहेब सांगेल तो आकडा ऐकून उठेल.

घोकंपट्टीला माझा विरोध नाही, छडीला आहे. पोराला रानात न्या. आठ ओळी, ओळीत पंधरा झाडे. एकेक मोजून 120 आली की पंधरा आठे म्हणजे काय ते कळते, मग पाठ करायला त्रास होत नाही. पोरींनाही न्या, वेचणीची मजुरी त्यांच्याच आया मोजून घेतात.

पुढच्या बैठकीला येताना गेल्या हंगामाची एक पट्टी आणि घरातले चौथी-पाचवीतले पोर बरोबर आणा. पट्टी त्याच्याकडूनच तपासून घेऊ.