डब्यातली ताकद, ताटातली वाटणी



मध्यंतरी देवळी तालुक्यातल्या एका मैत्रिणीला भेटायला गेले होते. स्तनाच्या कॅन्सरसाठी तिची केमोथेरपी चालू आहे. फळीवर प्रोटीन पावडरचा डबा होता, साडेसातशे रुपयांचा. म्हणजे निंदणाची तीन दिवसांची मजुरी. महिनाभर पुरायचा तो आठ दिवसांत संपला होता. मी विचारलं, तर खाली मान घालून म्हणाली, "पोरं तोंडाकडे पाहून रायले होते ताई, मंग त्याईलेबी देल्लं."

तिला रागवायला माझी जीभ उचलली नाही. जन्मभर सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई आजारी पडली म्हणून एकदम आधी कशी जेवेल?

उपचारांच्या काळात शरीराला एरवीपेक्षा जास्त प्रथिनं लागतात. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ४० किलोच्या बाईला ४८ ते ६० ग्रॅम. वजन झपाट्याने उतरलं की औषधं सोसत नाहीत, फेऱ्या लांबतात, कधी उपचार अर्धवट सुटतात. पावडर निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. तोंड सोलवटलं, घास गिळवेना, तेव्हा पातळ पूरक आहाराचा मोठा आधार असतो. पण जिला चावता-गिळता येतं, तिला एका अंड्यातून ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणातून ६-७ ग्रॅम प्रथिनं मिळतातच.

तेही तिच्या ताटात येत नाही. एकीकडे 'दूध-अंडी खाल्ली की गाठ वाढते' म्हणून पथ्य, दुसरीकडे बरं वाटावं म्हणून सोमवार-चतुर्थीचे उपास. या दोन्हींत बाई खंगत जाते. वर कुणीतरी जीवनसत्त्वांच्या गोळ्या, काढे आणून देतं. यातली काही केमोच्या औषधांच्या आड येऊ शकतात. म्हणून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही घेऊ नये.

१९३५ साली गांधीजींनी याच वर्ध्यात, मगनवाडीत, सोयाबीनचे प्रयोग केले. गरिबाच्या जेवणात सकस काय घालता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. आज आपल्या जिल्ह्यात शिवारंच्या शिवारं सोयाबीनची आहेत. निंदायला, सोंगायला आपणच. पीक मात्र बाजार समितीतून तेलाच्या कारखान्यात जातं आणि त्याचंच प्रथिन डब्यात बसून आपल्याकडे दसपट भावाने परत येतं.

क्षयरोग्यांना पोषणासाठी पैसे द्यायला हवेत, हे सरकारला २०१८ साली पटलं. तेव्हा महिन्याला ५०० रुपये सुरू झाले, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. महात्मा फुले योजनेत कॅन्सरचे उपचार होतात, दवाखान्यात असेपर्यंत जेवणही मिळतं. पण दोन फेऱ्यांमधले तीन आठवडे बाई घरीच असते. त्या दिवसांचं काय? रेशनवर गहू-तांदूळ येतो, डाळ नाही.

आपल्या मागण्या साध्या आहेत. पहिल्याच भेटीत आहारतज्ज्ञांची गाठ पडावी आणि दर खेपेला वजन कार्डावर लिहिलं जावं. उपचार संपेपर्यंत रेशनवर डाळ, तेल, शेंगदाणे आणि अंडी मिळावीत. संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरचे रुग्णही बसतात. ते अर्ज तहसीलमध्ये पडून राहू नयेत यासाठी गटांनी पाठपुरावा करावा.

पण एक मागणी सरकारकडे करता येत नाही, ती घरातच करावी लागते. आपल्या गावात अशी एखादी बाई असेल तर तिच्याकडे जा, जेवणाच्या वेळी जा. तिच्या नवऱ्याला, सासूला समोर बसवून सांगा की आता हिचं ताट आधी वाढायचं. आणि तिलाही सांगा, पोटभर जेवणं हा स्वार्थ नव्हे.

काय अनुभव आले ते आम्हाला जरूर कळवा.