श्रेयाचे खाते

२४ जून २०१८ रोजी सौदी अरेबियात स्त्रियांना मोटार चालविण्याची मुभा मिळाली आणि जगभर तेथील राजसत्तेच्या उदारपणाची वाहवा झाली. परंतु हा हक्क मागण्यात ज्या आघाडीवर होत्या, त्या लुजैन अल-हथलूल, इमान अल-नफजान आणि त्यांच्या काही सहकारी स्त्रिया त्या दिवशी गजाआड होत्या. मे महिन्यातच त्यांची धरपकड झाली होती. वरवर पाहता हा विसंगत कारभार वाटतो. तो तसा नाही. सुधारणा हे राजाने दिलेले दान आहे, प्रजेने मिळविलेले फळ नव्हे, अशी नोंद वहीत करावयाची तर खऱ्या धनकोला कोंडून ठेवणेच भाग होते. १९९० साली ४७ स्त्रिया बंदी झुगारून रियाधच्या रस्त्यांवर मोटारी घेऊन निघाल्या, तेव्हापासूनचे हे देणे होते.

पत्रकावर सह्या करून तुरुंगाचे कुलूप निघत नाही, असा टोमणा आमच्या प्राध्यापक-कक्षातही ऐकू येतो. सह्यांचा सुळसुळाट पाहता तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. तथापि २०१९ साली 'पेन अमेरिका' या लेखकसंघटनेने लुजैन, इमान व नूफ अब्दुलअझीझ यांना लेखनस्वातंत्र्याचा पुरस्कार दिला, तेव्हा तिने श्रेयाच्या खात्यावर खरी नावे चढविली. परकीय भांडवलासाठी प्रतिमा उजळू पाहणाऱ्या राजवटीला अशी नावे महाग पडतात. २०२० मध्ये जी-२० राष्ट्रगटाचे यजमानपद सौदी अरेबियाकडे होते, स्त्रियांच्या सबलीकरणाची भाषाही तेथे झाली. लुजैन त्या वेळी कोठडीतच होत्या. डिसेंबरात त्यांना दहशतवादविरोधी कायद्याखाली पाच वर्षे आठ महिन्यांची शिक्षा झाली. १० फेब्रुवारी २०२१ रोजी, १,००१ दिवसांनी, त्या सुटल्या. परदेशप्रवासाची बंदी मात्र कायम राहिली. लेखकांमुळेच ही सुटका झाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. अमेरिकेतील सत्तांतराचा वाटा त्यात अधिक असावा.

दूरदेशीच्या कैद्यासाठी सही करणे आपल्याला स्वस्त पडते, हेही खरे. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले, तेव्हा आणीबाणी चालू होती आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंनाही अटक झाली. इराण वा सौदी अरेबियातील बंदिवान स्त्रियांसाठी आपल्याकडे पत्रके निघतात, ती निघावीतच. मात्र त्याच पत्रकात आपल्या देशातील एखाद्या कैदी स्त्रीचे नाव घालू या म्हटले की किती लेखण्या मागे सरतात, हे मी दोनदा पाहिले आहे.