हक्काचे उपकार कसे झाले?

एकनाथ शिंदे यांच्या कारकिर्दीचा विषय निघाला की महाराष्ट्रातील चर्चा निष्ठा आणि गद्दारी ह्या दोनच शब्दांभोवती घुटमळते. एका बाजूने खोक्यांच्या आरोळ्या उठतात, दुसऱ्या बाजूने बाळासाहेबांच्या खऱ्या वारशाच्या आणाभाका घेतल्या जातात. समाजवादी कार्यकर्त्याने ह्या भांडणात पंच होण्याचे काही कारण नाही. कोण कोणाशी बेइमान झाला हा दरबारातला प्रश्न आहे. लोकशाहीतला प्रश्न असा की, ही कारकीर्द ज्या कष्टकऱ्यांच्या खांद्यावर उभी राहिली, त्यांच्या पदरात काय पडले? ह्याचे उत्तर शोधायचे तर ठाण्यात, खोपटच्या एसटी आगाराच्या फाटकाशी उभे राहावे.

प्रथम, जे श्रेय शिंदे यांचे आहे ते दिलेच पाहिजे. सातारा जिल्ह्याच्या डोंगरातील दरे गावचे कुटुंब; ठाण्यात पोटासाठी रिक्षा चालवणे; १९८४ मध्ये किसननगरचे शाखाप्रमुखपद; १९९७ मध्ये नगरसेवक, २००४ मध्ये आमदार आणि ३० जून २०२२ रोजी मुख्यमंत्री. साखरसम्राटांच्या आणि घराण्यांच्या राज्यात हा प्रवास सामान्य नव्हे. एक रिक्षाचालक मुख्यमंत्री झाला म्हणून ज्यांनी नाके मुरडली, त्यांच्या त्या तुच्छतेत समाजवाद्यांनी सामील होऊ नये. परंतु एका वर्गातला एक माणूस वर जाणे आणि तो वर्ग वर जाणे, ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. कल्याणच्या खासदारकीवर २०१४ पासून त्यांचेच चिरंजीव निवडून येत आहेत. म्हणजे घराण्यांची मक्तेदारी मोडली नाही, त्या यादीत एका घराण्याची भर पडली.

ही शिडी कोठे बांधली गेली? शिवसेनेला पहिली सत्ता १९६७ साली ठाण्याच्या नगरपालिकेनेच दिली. पुढे टेंभी नाक्यावर आनंद दिघे यांचा दरबार भरू लागला. तेथे गोरगरिबांची गाऱ्हाणी ऐकली जात, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र इस्पितळातील खाट, शाळेतला प्रवेश, नळाचे पाणी ह्या ज्या गोष्टी महापालिकेच्या खिडकीवर हक्काने मिळावयास हव्या होत्या, त्या शाखेत कृपा म्हणून मिळू लागल्या. नागरिकाचा आश्रित झाला, आणि आश्रिताकडून मागितली जाते ती निष्ठा. १९८९ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत सेनेची मते फुटली. त्यानंतर एका नगरसेवकाचा खून झाला आणि दिघे यांना टाडाखाली अटक झाली. पुढे ते जामिनावर सुटले. मतभेदाला जेथे गद्दारी हे एकच नाव असते, त्या पाठशाळेत शिंदे घडले. अशा संघटनेत नेता बदलण्याचा सनदशीर मार्गच नसतो. मग उरतो तो सुरतेचा आणि गुवाहाटीचा मार्ग.

त्या मार्गाला कायद्याने अटकाव करावयास हवा होता. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला, तेव्हाच मधू लिमये यांनी इशारा दिला होता की, हा कायदा किरकोळ पक्षांतराला बंदी करतो आणि घाऊक पक्षांतराला मोकळीक देतो. २००३ च्या घटनादुरुस्तीने एक-तृतीयांश फुटीची पळवाट बुजवली, पण घाऊक व्यापार थांबला नाही. जून २०२२ मध्ये सेनेच्या पंचावन्नपैकी चाळीस आमदार शिंदे यांच्याकडे गेले. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांनी बहुमत चाचणीसाठी टाकलेले पाऊल अयोग्य ठरवले. तरीही ठाकरे यांनी आधीच राजीनामा दिला असल्याने सरकार जागच्या जागी राहिले. १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभाध्यक्षांनी कोणालाच अपात्र ठरवले नाही. चूक झाली, पण चुकीचे फळ ज्याच्या हाती पडले त्याच्याच हाती राहिले!

हा रोग एकट्या महाराष्ट्राचा नाही. त्याच जुलै २०२२ मध्ये पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात ३७१ जणांच्या सभागृहात अवघे दहा सदस्य असलेल्या पक्षाचे चौधरी परवेझ इलाही मुख्यमंत्री झाले. उपसभापतींनी त्यांच्या पक्षाची दहा मते बाद केली होती. न्यायालयाने तो निर्णय फिरवला. मोठ्या पक्षाला गरज होती म्हणून लहान गटाच्या नेत्याला गादी मिळाली. लाहोर काय आणि मुंबई काय, ह्या सौद्यात मतदार कोठेच नसतो.

आता खोपटच्या फाटकाशी परत येऊ. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कामगारांनी राज्य शासनात विलीनीकरणाची मागणी करत संप पुकारला आणि राज्यभरच्या आगारांतून गाड्या निघेनाशा झाल्या. संप साडेपाच महिने रेंगाळला. कित्येक चालक-वाहकांनी आत्महत्या केल्या. अखेर उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू होण्याची मुदत घातली. त्या काळात शिंदे मंत्रिमंडळात होते, तर विरोधी बाकांवरील भाजपचे आमदार आझाद मैदानात संपकऱ्यांबरोबर बसले होते. दोन महिन्यांत हे दोन्ही पक्ष एकाच सरकारात आले. विलीनीकरण झाले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पगारवाढ मिळाली ती पुन्हा संप केल्यावर, निवडणूक तोंडावर आली असताना. कामगाराने हक्क मागितला होता. त्याच्या हाती बक्षिसी पडली.

तीच कथा कळव्याची. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा येथील रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. राज्याचा मुख्यमंत्री त्याच शहराचा होता, त्याच महापालिकेत सभागृहनेता राहिलेला होता, आणि नगरविकास खाते २०१९ पासून त्याच्याच हाती होते. मुख्यमंत्र्यांच्या निधीतून रुग्णांना मदत दिल्याच्या जाहिराती पुष्कळ झाल्या. परंतु रुग्णालय धड असते तर त्या मदतीसाठी चिठ्ठी घेऊन कोणाच्या दारात उभे राहण्याची वेळच का आली असती?

ह्यावर उत्तर तयार असते: नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी त्यांच्या पक्षाला ५७ जागा दिल्या, आणखी काय हवे? हा कौल नाकारता येत नाही, आणि दीड हजार रुपये घेणाऱ्या बहिणीला लाचखाऊ म्हणणे हा तर करंटेपणा आहे. त्या पैशाने तिच्या घरातला गॅस भरला जातो, औषध येते. आक्षेप पैशाला नाही, त्यावरच्या भावाच्या नावाला आहे. राज्याच्या तिजोरीतून आलेली, नागरिक म्हणून तिला देय असलेली रक्कम ओवाळणी झाली. टेंभी नाक्यावरची शाखा मंत्रालयात पोहोचली ती अशी. आणि डिसेंबर २०२४ मध्ये मोठ्या पक्षाची गरज सरली तेव्हा मुख्यमंत्र्याचा उपमुख्यमंत्री झाला. कृपेवर मिळालेले पद कृपेनेच जाते, हा नियम आश्रितासारखाच नेत्यालाही लागू पडला.

तेव्हा गद्दारीच्या घोषणांना टाळ्या देऊन कार्यकर्त्याचे काम होणार नाही. शाखेत गर्दी असते कारण महापालिकेची खिडकी बंद असते. ती खिडकी उघडावयास लावणे, एसटीच्या चालकाला मागणीपत्र घेऊन ताठ मानेने उभे करणे, रुग्णाला चिठ्ठीशिवाय खाट मिळवून देणे, हे कष्टाचे आणि बिनगाजावाजाचे काम आहे. ते वस्त्यावस्त्यांत होईल, तेव्हाच उपकारांच्या राजकारणाची मुळे सुकतील. तोवर नावे बदलतील, चिन्हे बदलतील. दरबार तसाच भरत राहील.