नागाचा उपास

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याला पूर्वी नागपंचमीसाठी नाग धरून गाडग्यांत ठेवीत. असा पाहुणा अन्नाला तोंड लावीनासा झाला की भाविक म्हणणार, उपास! वस्तुतः भेदरलेला साप खातच नाही. एरवीही एकदा भक्ष्य गिळले की त्याला कित्येक दिवस भूक नसते. दूध मात्र तहानेने व्याकूळ झाल्यावर तो पितो, पण ते त्याला पचत नाही.

आपण त्याच्या साध्या वागण्याला आपले मनोविकार चिकटवितो. तो टक लावून बघतो, कारण त्याला पापण्याच नाहीत. जीभ लवलवते ती वास घेण्यासाठी. डोलतो तो हलत्या पुंगीवर नजर ठेवून. डोळे निळसर करून दडून बसला, तर समजावे, कात टाकायची वेळ आली.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आज परवानगीवाचून नाग धरणे वा पाळणे गुन्हा आहे, ते योग्यच.

आमच्या भिवंडीत गोदामे फार. गोदाम तिथे उंदीर आणि उंदीर तिथे धामण! ती बिनविषारी, पण साप ओळखता येत नसेल, तर लांब राहून सर्पमित्राला बोलवावे. काठी शोधण्याआधी एवढे केले, तर दोघांचाही जीव वाचतो.