‘मराठी’तून ‘मर’ काढणारी पेटी

नवशिक्याच्या हाती प्रोग्रामिंगची भाषा द्यायची, तर तिच्यासोबत कोणती अवजारे बांधून द्यावीत, हा संगणकवाल्यांचा घरगुती वाद समजला जातो. संपादक कोणता असावा, चित्रे काढण्याचे साधन द्यावे की नाही, बाहेरची पॅकेजेस आणण्याची सोय पहिल्या दिवशी दाखवावी की महिन्याने, अशा मुद्द्यांवर तो रंगतो. माझे म्हणणे असे की, हा वाद आपलाही आहे. बेळगाव-निपाणी-कारवारच्या, गोव्याच्या, इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याच्या मराठी पालकाने आणि शिक्षकाने त्यात पक्षकार म्हणून उभे राहिले पाहिजे. विधान मोठे आहे, म्हणून पुरावा आधी मांडतो.

पायथन ही आज नवशिक्यांची सर्वांत लाडकी भाषा. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात हीच शिकवली जाते. तिचा जुना अभिमान असा की, ‘बॅटऱ्या आतच आहेत’. खेळणे घरी आणले आणि चालवण्यासाठी पुन्हा दुकानात धावावे लागले, असे होत नाही. पेटी उघडताच आयडल नावाचा संपादक मिळतो, रेघा काढणारे टर्टल मिळते, खिडक्या-बटणे रचण्याचे साधन मिळते. आणि मजकुरातून शब्द वेचण्याचे, रेग्युलर एक्स्प्रेशनचे साधनही मिळते. त्यात ‘शब्दात येणारे चिन्ह’ यासाठी एक ठरलेली खूण आहे: तिरपी रेघ आणि पुढे डब्ल्यू. या खुणेने मजकुरातले शब्द वेचायला सांगा आणि मजकूर म्हणून ‘मराठी’ हा एकच शब्द द्या. उत्तर येते: ‘मर’ आणि ‘ठ’.

आंदोलनाच्या व्यासपीठावर शोभावा असा हा योगायोग आहे. पण मी तो टाळ्यांसाठी सांगत नाही. कारण साधे आहे. या साधनाच्या व्याख्येत अक्षरे, अंक आणि अधोरेख एवढ्यांनाच शब्दात प्रवेश आहे. युनिकोडने काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि हलंत यांना ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात बसवले आहे, म्हणून ती शब्दाबाहेर फेकली जातात. ‘बेळगाव’चे तीन तुकडे होतात: ‘ब’, ‘ळग’ आणि ‘व’. आणि येथे कोणाला आसुरी आनंद होऊ नये, म्हणून हेही नोंदवतो: ‘कन्नड’चे दोन होतात, ‘कन’ आणि ‘नड’; कन्नड लिपीत लिहिला तरी दोनच. या एका खटल्यात आपण आणि आपले शेजारी एकाच बाजूला आहोत.

त्याच पेटीला विचारा की, अमुक नावात केवळ अक्षरेच आहेत ना? ‘मदन’ला ती होय म्हणते, ‘सुनीता’ला नाही. विद्यार्थ्याने हजेरीपट लावायला घेतला, तर ‘काळे’ हे ‘काशीद’च्या आधी येतात, कारण युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसवला आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. ‘मराठी’ची लांबी ती पाच सांगते, मूल तीन मोजते. लांबीच्या बाबतीत प्रतिवादीला बचाव आहे: पाच हे संकेतांकांचे मोजमाप आहे आणि तसे ते दस्तऐवजात लिहिलेलेही आहे. शब्द फोडण्याला मात्र असा बचाव नाही. ज्याला ‘शब्द’ म्हणून हाक मारली, ते शब्द नसेल, तर ती नावातच फसवणूक आहे.

देवनागरी शब्दांच्या या चिरफाडीची तक्रार पायथनच्या अधिकृत नोंदवहीत २००७ साली दाखल झाली. आपला सीमादावा सर्वोच्च न्यायालयात गेला २००४ साली. म्हणजे तक्रार दाव्याहून तीन वर्षांनी धाकटी. व्याख्या आजही तीच आहे.

यावर पहिली हरकत ठरलेली: “बाहेरून पॅकेज आणा की! पिप आहे ना?” आहे. २०१४ पासून तेही पेटीतच येते. त्याच्या मार्गे ‘रेजेक्स’ नावाचे पर्यायी साधन आणता येते. ते ‘मराठी’ अखंड ठेवते आणि जोडाक्षरांचाही विचार करते. वर्णक्रमासाठी आयसीयूचा संच आहे. जाणत्याला हे पुरेसे आहे. पण आपण नवशिक्याविषयी बोलत आहोत. ज्या प्रयोगशाळेत इंटरनेट तासभर येते आणि नवीन काही बसवण्याची परवानगी शिक्षकालाही नसते, तेथे पेटीत नसलेली वस्तू जगात नसल्यासारखीच. बरे, साधन आणायचे, तर ते हवे आहे हे आधी कळावे लागते. आजीच्या ओव्यांतले शब्द मोजायला बसलेल्या मुलीपुढे मात्रा गळून गेलेला ढिगारा येतो, तेव्हा ‘साधन अपुरे आहे’ असे ती म्हणत नाही. ‘संगणकावर मराठी चालत नाही’ असे म्हणते. दुसऱ्या दिवशी ती इंग्रजी उतारा घेते, आणि तो पहिल्याच झटक्यात नीट चालतो. माझी फिर्याद एवढीच आहे. साधनाचा दोष भाषेच्या माथी लागतो, तोही ज्या वयात मत बनते त्या वयात.

दुसरी हरकत, प्रोग्रामिंगला इंग्रजी लागतेच. लागू दे. पायथनमधले पस्तीस राखीव शब्द इंग्रजी आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मुले ते आठवड्यात गिळतात. पण आज्ञेची भाषा वेगळी आणि ज्याच्यावर आज्ञा चालवायची तो मजकूर वेगळा. मजकूर मुलाचा आहे: त्याचे नाव, गाव, आडनाव.

तिसरी हरकत पेटी जड होण्याची. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या ३.१३ आवृत्तीतून एकोणीस जुनी मोड्यूल्स काढून टाकण्यात आली. त्यांत टेलनेटचे होते, विस्मरणात गेलेल्या ध्वनिस्वरूपांची होती. म्हणजे जागा होते. नोड या जावास्क्रिप्टच्या संचात २०१९ पर्यंत मूळ पेटीत भाषाविषयक माहिती इंग्रजीपुरतीच असे. तेराव्या आवृत्तीपासून सर्व भाषांची येऊ लागली, मराठीचीही. स्विफ्टमध्ये तर ‘मराठी’ची लांबी मुळातच तीन येते. हे अशक्य नव्हते, प्राधान्याचे नव्हते.

कायद्याचे म्हणाल, तर अतिशयोक्ती करणार नाही. अनुच्छेद ३५०-क प्राथमिक टप्प्यावरील मातृभाषेतील शिक्षणाच्या सोयींविषयी आहे आणि तो राज्यांना उद्देशून आहे. परदेशातील सॉफ्टवेअर प्रतिष्ठानाला तो लागू नाही. अनुच्छेद २९ मात्र आपली भाषा आणि ‘लिपी’ जतन करण्याचा हक्क देतो. तो हक्क बजावायचा कोणी? हक्कदारानेच.

एस्टोनियाची लोकसंख्या साधारण तेरा लाख. तेथील तार्तू विद्यापीठाने नवशिक्यांसाठी थॉनी नावाचा संच तयार केला. त्यात पायथन आतच बसवलेला येतो, वेगळा आणावा लागत नाही, आणि त्याचे मेनू एस्टोनियनमध्येही आहेत. तो आज जगभर वापरला जातो. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा नोंदवणारे आठ कोटी तीस लाख होते. आपल्या परिषदा ठराव करतात की संगणकावर मराठी आली पाहिजे. कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या साधनासह, हे ठरावात नसते. थॉनी मुक्त आहे, रेजेक्स मुक्त आहे, आयसीयू मुक्त आहे. हे एका पेन ड्राइव्हवर एकत्र बांधून, सोबत देवनागरी टंक आणि मराठी उताऱ्यांची दहा उदाहरणे घालून मराठी शाळांना वाटणे, हे चार जाणत्या तरुणांचे एका सुट्टीतले काम आहे. कोणा सरकारची परवानगी लागत नाही. बेळगावातही लागत नाही.

तोवर एक करा. तुमच्या गावी सुट्टीतला कोडिंगचा वर्ग सुरू होईल, तेव्हा चालकांना ‘मराठी’ हा शब्द टंकून त्यातले शब्द वेचून दाखवायला सांगा. ‘मर’ आणि ‘ठ’ आले, तर शुल्क भरण्यापूर्वी पेटी बदलून मागा.