नाट्यगृहाची तारीख सगळ्यांना मिळो

मुंबईत ग्रँट रोडला 1846 साली एक नाटकगृह उभं राहिलं. जागा जगन्नाथ शंकरशेट यांची. इंग्रजी खेळ तिथे रंगावेत हा हेतू. पण कोटात (फोर्टात) राहणाऱ्या साहेबांना ते दूर पडायचं. त्यांची वर्दळ आटली आणि रंगमंच भोवतालच्या वस्तीला मोकळा झाला. 1853 च्या मार्चमध्ये सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी तिथे मराठी खेळ केला. ऑक्टोबरात पारशी मंडळीने रुस्तम-सोहराबची कथा गुजरातीत उभी केली. नोव्हेंबरात भाव्यांनीच राजा गोपीचंदाचं आख्यान हिंदुस्थानीत सादर केलं. एका वर्षात, एकाच रंगमंचावर तीन भाषा! पुढे हा सगळा परिसर नाटकगृहांनी गजबजला आणि लोकांच्या तोंडी ‘प्ले हाऊस’चा पिला हाऊस झाला. याच मुंबईत 1892 मध्ये न्यू आल्फ्रेड थिएटरात तियात्र या कोकणी नाट्यप्रकाराचा पहिला खेळ झाला.

या शेजारातून मराठी रंगभूमीला काय मिळालं? अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात पारशी मंडळीचं ‘इंद्रसभा’ पाहिलं आणि 1880 मध्ये ‘संगीत शाकुंतल’ आलं. दुसऱ्याचा खेळ पाहिल्याने आपली कला बाटत नाही, ती वाढते.

आता आपल्या हिंगोली जिल्ह्याकडे बघू. नर्सीच्या नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. इथे अभंग आणि शबद एकाच संताचे. होळीला बंजारा तांड्यावर लेंगी घुमते, जागरणात वाघ्या-मुरळी नाचतात, 14 एप्रिलला भीमगीतं रात्र जागवतात, उरुसाला कव्वाली रंगते आणि दसऱ्याला हिंगोलीच्या रामलीला मैदानावर गर्दी उसळते. इतकी श्रीमंती; पण प्रत्येकाचं अंगण वेगळं, प्रेक्षक वेगळा. इथल्या गोरेगावच्या पोराला शेजारच्या तांड्यावरची लेंगी ठाऊक नसते, तांड्यावरच्या पोरीने कव्वाली समोर बसून ऐकलेली नसते. शेजारी राहून आपण एकमेकांना अनोळखी आहोत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून नुसतं नाट्यगृह बांधा, एवढी माझी मागणी नाही. सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या सभागृहांत लग्नं आणि सत्कार होतात, कलावंत मात्र भाडं ऐकूनच माघारी फिरतो. जिल्हा नियोजन समितीने आणि नगरपालिकांनी नियमच करावा: दर महिन्याच्या काही तारखा लोककलावंतांसाठी राखीव, तेही नाममात्र भाड्यात. एका रात्री दोन वेगळ्या परंपरांचे खेळ लागावेत, म्हणजे भारुडाला आलेला माणूस लेंगीही ऐकून जाईल. स्त्री कलावंतांना कपडे बदलायला स्वतंत्र खोली आणि स्वच्छतागृह हवंच. शाळांनी मुलांना खेळाला आणावं. तारखा ठरवणाऱ्या समितीत शाहीर, गोंधळी, कव्वाल आणि तांड्यावरची गाणारी बाई, सगळ्यांना खुर्ची असावी.

पिला हाऊसला हे योगायोगाने साधलं. आपल्याला ते ठरवून करता येईल, आणि त्यासाठी लागणारे कलावंत जिल्ह्यात आजही गात आहेत.

– गोरेगावकर