तहान आणि नगराचे कर्तव्य

उन्हाळ्याची चाहूल लागताच ‘भरपूर पाणी प्या’ हा उपदेश सर्वत्र ऐकू येऊ लागतो. उपदेश रास्त आहे. मनुष्यदेहाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा; घाम, श्वास व मूत्र यांवाटे ते सतत खर्ची पडते. ही तूट वेळीच भरून निघाली नाही तर डोके दुखते, कामात चित्त लागत नाही, आणि हीच सवय वर्षानुवर्षे राहिली तर मूतखड्यास निमंत्रण मिळते. उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते. म्हणून वृद्धांनी तहान लागण्याची वाट पाहू नये. आमच्या सुशिक्षित वाचकांस यांत नवे असे काही नाही.

प्रश्न असा की, इतके ठाऊक असूनही या शहरातील हजारो माणसे दिवसभर तहानलेली का राहतात? आमच्या मते याचे कारण अज्ञान नव्हे, तर सोयींचा अभाव होय. उपनगरातून सकाळी कामास निघणारी स्त्री जाणूनबुजून घोटभरच पाणी पिते. वाटेत स्वच्छ आणि उघडे असलेले स्वच्छतागृह सापडेल याची तिला शाश्वती नसते. शाळकरी मुलींची, भाजी विकणाऱ्या बायकांची गत याहून निराळी नाही. पाणी टाळल्याने व लघवी रोखून धरल्याने मूत्रमार्गाचे विकार बळावतात. सार्वजनिक मुताऱ्यांच्या हक्कासाठी मुंबईतील स्त्रियांना २०११ पासून चळवळ चालवावी लागली, ही गोष्ट नगरास भूषणावह खास नाही.

एके काळी तहानलेल्यास पाणी देणे हे या शहरात पुण्यकर्म मानले जाई. भातबाजारात १८७६ साली उभी राहिलेली केशवजी नाईक यांची दगडी पाणपोई त्या वृत्तीची साक्ष आहे. स्वतंत्र भारतानेही १९४८ च्या कारखाने कायद्यात, अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांवर उन्हाळ्यात थंड पाणी पुरविण्याचे बंधन घातले होते. तहान ही ज्याची त्याने पाहून घ्यावयाची बाब आहे, असे त्या कायदेकर्त्यांना वाटले नाही. आज मात्र पाणपोईची जागा बाटलीने घेतली आहे. ज्याच्या खिशात पैसे, त्यानेच वाटेत पाणी प्यावे, अशी जणू रीत पडली आहे!

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर उन्हात झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा जण दगावले. त्यांना केवळ पाण्याअभावी मृत्यू आला असे आम्ही म्हणत नाही. परंतु जनसमुदाय उन्हात बसविणाऱ्यांवर वेळ, सावली व पाणी या तिन्हींची जबाबदारी येते, हा धडा तरी त्यातून घ्यावयास हवा होता.

यासाठी फार मोठ्या योजनांची आवश्यकता नाही. केरळातील शाळांतून २०१९ साली मुलांना पाणी पिण्याची आठवण देणारी घंटा सुरू झाली. आपल्याकडेही प्रत्येक शाळेत अशी घंटा व्हावी. मात्र तिच्यासोबत मुलींसाठी वापरण्याजोगे स्वच्छतागृहही हवे. प्रत्येक बाजारात व बसथांब्यांजवळ पिण्यायोग्य पाण्याचा नळ असावा आणि त्याच्या देखभालीचा भार नेमक्या अधिकाऱ्यावर असावा. इतके झाल्यावर नगरपित्यांनी नागरिकांस खुशाल उपदेश करावा. तोपर्यंत ‘पाणी प्या’ असे सांगण्यापूर्वी, ते कोठे प्यावे, याचे उत्तर त्यांनी आधी दिले पाहिजे.